कम्बाइनचे आकडे वाचायचे कसे: एनएफएल ड्राफ्टमधल्या खेळाडूंच्या शारीरिक चाचण्या आणि त्यांचे गुण

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक यांचे गुण ठरलेल्या तक्त्यावरून मिळतात, त्यांची बेरीज होते आणि बेरजेप्रमाणे उमेदवार यादीत वर-खाली होतो. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग; तिचे संघ दरवर्षी कॉलेजचे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात, तो ड्राफ्ट. त्याआधीच्या चाचण्या लांबून तशाच दिसतात, आणि नवख्या माणसाची पहिली चूक तिथेच होते. १५० किलोचा ऑफेन्सिव्ह टॅकल (आक्रमणाच्या पुढच्या फळीत कडेला उभा राहून वाट अडवणारा) आणि ८५ किलोचा कॉर्नरबॅक (चेंडू झेलणाऱ्यांना रोखणारा बचावपटू) दोघेही ४० यार्ड धावतात, पण दोघांच्या वेळा शेजारी ठेवून काहीच कळत नाही. शिवाय इथली बेरीज कुणाला पास किंवा नापास करत नाही. आकड्यांमुळे एवढंच ठरतं की या खेळाडूचा खेळ पुन्हा बघताना नेमकं काय शोधायचं. प्रश्न हाती लागला की आकड्याचं काम संपलं.

चाचण्या थोडक्यात अशा. इंडियानापोलिसमध्ये फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला कम्बाइन, म्हणजे या चाचण्यांचा मेळावा, भरतं आणि ३०० हून अधिक खेळाडूंना बोलावणं जातं. तिथे ४० यार्डांची धाव होते आणि तिच्यातल्या पहिल्या १० आणि २० यार्डांच्या वेळाही नोंदतात. जागेवरून उभी उडी आणि जागेवरून लांब उडी असते. २२५ पौंडांचा, म्हणजे १०२ किलोचा बार जितक्या वेळा उचलता येईल तितक्या वेळा उचलायची बेंच प्रेस असते. २० यार्डांच्या शटलमध्ये ५ यार्ड एका बाजूला, १० यार्ड उलट बाजूला आणि ५ यार्ड परत धावायचं. थ्री-कोनमध्ये एकमेकांपासून ५ यार्डांवर काटकोनात ठेवलेल्या ३ शंकूंभोवती वळणं घ्यायची. उंची, वजन, हाताची लांबी आणि पंजाची रुंदी आधीच मोजलेली असते. जे कम्बाइनला करायचं राहतं किंवा मुद्दाम टाळलं जातं, ते मार्चमध्ये आपापल्या कॉलेजच्या ‘प्रो डे’ला होतं.

आधी आकडे निवडून घ्या

बहुतेक वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. तांदूळ न निवडता भात टाकला तर खडा शेवटी दाताखालीच येतो.

उंची चार अंकांत लिहिलेली दिसेल. ६०३३ म्हणजे ६ फूट ३ पूर्णांक ३/८ इंच: पहिला अंक फुटांचा, मधले दोन इंचांचे, शेवटचा इंचाच्या आठव्या भागांचा. हा आकडा तसाच सरासरीत घातला तर सगळं बिघडतं. आधी सगळं इंचांत करून घ्या, इथे ७५.३७५ येईल.

मग वेळा. प्रक्षेपणात पडद्यावर झळकते ती वेळ अनधिकृत असते. २०२२ मध्ये बेलर विद्यापीठाचा टायक्वान थॉर्नटन धावला तेव्हा पडद्यावर ४.२१ आलं, विक्रम झाल्याचा गलबला झाला, आणि अधिकृत नोंद झाली ४.२८. ०.०७ सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण वाइड रिसीव्हरच्या, म्हणजे लांबवर धावून चेंडू झेलणाऱ्यांच्या, यादीत तेवढ्याने माणूस कितीतरी जागा खाली येतो. (अधिकृत विक्रम २०२४ पासून झेवियर वर्दीच्या नावावर आहे, ४.२१, त्याआधी तो जॉन रॉसचा होता, ४.२२, २०१७.) म्हणून तक्त्यात अधिकृत वेळच भरा, आणि ती येईपर्यंत रकाना रिकामा ठेवा.

कम्बाइनच्या ४० यार्डांत घड्याळ माणूस सुरू करतो, खेळाडू हलताना दिसला की. थांबवतं मात्र यंत्र. त्यामुळे या वेळा १०० मीटरच्या शर्यतीतल्या टप्प्यांशी ताडून पाहू नयेत. तिथे गोळी सुटल्यापासूनचा प्रतिक्रियेचा वेळही मोजलेला असतो. प्रो डेला बहुधा सुरुवात आणि शेवट दोन्ही हातघड्याळावर होतात. सुरुवातीला डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत उशीर होतो. शेवटची रेषा मात्र जवळ येताना दिसत असते, म्हणून तिथे बोट वेळेवर किंवा किंचित आधीच पडतं. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने जातो आणि वेळ कमी भरते. शिवाय मैदानाच्या कडेला पाच-पंचवीस स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे, आपापली घड्याळं घेऊन उभे असतात, आणि बाहेर येणारा आकडा त्यातला सगळ्यात गोड असण्याची शक्यता जास्त. रूढ ठोकताळा असा की प्रो डेच्या ४० यार्डांच्या वेळेत ०.०३ ते ०.०५ सेकंद मिळवायचे. कोणताही एक आकडा ठरवा, पण तो सगळ्यांना सारखा लावा. आवडत्या खेळाडूला ०.०३ आणि नावडत्याला ०.०५ असं नकळत होत असतं.

२०२१ चं वर्ष वेगळं काढून ठेवा. कोविडमुळे त्या वर्षी इंडियानापोलिसला मैदानी चाचण्या झाल्याच नाहीत. सगळे आकडे प्रो डेचे आहेत. ते इतर वर्षांत न सुधारता मिसळले तर ती अख्खी तुकडी अकारण वेगवान दिसते.

वजन ज्या दिवसाचं असेल त्याच दिवसाची धाव त्याच्यासोबत वापरा. कम्बाइनला २४० पौंड भरलेला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) महिन्याभराने २२८ पौंडांवर प्रो डेला धावू शकतो. जड वजन आणि हलक्या शरीराची वेळ एका ओळीत आली की असा माणूस तयार होतो जो कधी अस्तित्वातच नव्हता.

उभ्या उडीत आणखी एक मेख आहे. आधी उभं राहून हात वर करून पोहोच मोजतात, मग उडीत गाठलेल्या उंचीतून ती वजा करतात. मोजताना खांदा चोरला तर पोहोच कमी भरते आणि उडी फुकटात इंचभर वाढते. उभी उडी उत्तम पण लांब उडी साधारण, असं चित्र दिसलं तर लांब उडीवर जास्त विश्वास ठेवा. पट्टीने मोजलेल्या अंतरात लबाडीला जागा कमी असते.

वेळ वजनासकट वाचा

वर्दीने ४.२१ घेतले तेव्हा त्याचं वजन १६५ पौंड होतं. केल्विन जॉन्सनने २००७ मध्ये ४.३५ घेतले ते २३९ पौंडांचा देह घेऊन. घड्याळ पहिल्याच्या बाजूने बोलतं, पण २३९ पौंड त्या वेगाने अंगावर आले तर बचावपटूचं काय होतं हे घड्याळ सांगत नाही.

रनिंग बॅकसाठी, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यासाठी, याचं सोपं गणित बिल बार्नवेलने २००८ मध्ये मांडलं, स्पीड स्कोअर या नावाने. पौंडांतल्या वजनाला २०० ने गुणायचं आणि ४० यार्डांच्या वेळेच्या चौथ्या घाताने भागायचं. सेक्वॉन बार्कली २०१८ ला २३३ पौंडांवर ४.४० मध्ये धावला. ४.४० चा वर्ग १९.३६, त्याचा पुन्हा वर्ग ३७४.८. २३३ गुणिले २०० म्हणजे ४६,६००. भागाकार १२४.३. सूत्राची बांधणी अशी आहे की १०० च्या आसपास सरासरी येते, म्हणून १२४ हा फारच मोठा आकडा आहे. २१५ पौंडांवर ४.५५ धावणाऱ्याला १००.३ मिळतात आणि १९० पौंडांवर ४.४० धावणाऱ्याला १०१.४. म्हणजे घड्याळात ०.१५ सेकंदांचा फरक असूनही हे दोघे जवळजवळ एका पायरीवर आहेत. चौथा घात असल्यामुळे वेळेतली छोटी चूकही उत्तरात चौपट जोराने उतरते. अनधिकृत वेळ इथे घालणं सगळ्यात महागात पडतं.

याची मर्यादाही लगेच पाहून घ्या. डेव्हिन सिंगलटरी २०१९ ला २०३ पौंडांवर ४.६६ धावला. स्पीड स्कोअर ८६. तिसऱ्या फेरीत बफेलोने घेतल्यावर पहिल्याच हंगामात त्याने चेंडू घेऊन १५१ वेळा धावत ७७५ यार्ड काढले, म्हणजे प्रत्येक वेळी ५ यार्डांहून थोडे जास्त. त्याचं बळ अरुंद जागेत पाय बदलण्यात होतं, आणि सरळ ४० यार्डांत ते मोजलंच जात नाही. हे सूत्र वाइड रिसीव्हर किंवा लाइनमनला लावू नका. ते त्यांच्यासाठी बेतलेलं नाही.

स्वतःचा तक्ता

तयार गुण वापरण्याआधी एकदा स्वतः मांडून पाहावं. प्रो फुटबॉल रेफरन्सवर २००० पासूनचे कम्बाइनचे आकडे मिळतात. एकाच जागेचे, म्हणजे मैदानावर एकच काम करणारे, खेळाडू निवडा आणि निदान १० वर्षांचे घ्या. प्रत्येक चाचणीची सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. खेळाडूच्या आकड्यातून सरासरी वजा करून विचलनाने भागलं की तो सरासरीपासून किती पावलं दूर आहे ते कळतं. समजा तुमच्या तक्त्यात वाइड रिसीव्हरची ४० यार्डांची सरासरी ४.५० आणि विचलन ०.०९ आलं, आणि तुमचा खेळाडू ४.३७ धावला. फरक उणे ०.१३, भागून उणे १.४४. वेळ कमी असणं चांगलं, म्हणून चिन्ह उलटवा: अधिक १.४४. धाव, शटल, थ्री-कोन आणि १० यार्ड या सगळ्यांना हे लागू आहे. उड्या आणि बेंचला नाही. चिन्ह उलटवायचं विसरल्यामुळे सगळ्यात मंद लाइनबॅकर यादीच्या डोक्यावर बसणं, ही तक्त्यांतली नेहमीची गंमत आहे.

दुसरी गंमत रिकाम्या रकान्यांची. खेळाडूने शटल केलीच नाही आणि तिथे शून्य पडलं तर शून्य सेकंदांची शटल सरासरीत जाते. रिकामं ते रिकामंच राहू द्या.

सीईटीचा निकाल घरात पाहिलेल्यांना पर्सेंटाइल समजावून सांगायला नको. तिची खोड मात्र लक्षात ठेवा: गर्दी मधोमध असते, म्हणून तिथे ०.०३ सेकंदांनी पर्सेंटाइल दहाने उडी मारू शकते, तर टोकाला तेवढ्याच फरकाने ती जेमतेम हलते. ९७ आणि ९९ यांच्यात प्रत्यक्षात केवढं अंतर आहे ते वर काढलेल्या पावलांत दिसतं, पर्सेंटाइलमध्ये लपतं.

आता आकड्यांची चार गाठोडी बांधा: आकारमान, सरळ वेग, उसळी, आणि वळण्याची चपळाई. उंची, वजन व हाताची लांबी पहिल्यात. ४० आणि १० यार्ड दुसऱ्यात. दोन्ही उड्या तिसऱ्यात. शटल आणि थ्री-कोन चौथ्यात. बेंच प्रेस वेगळी ठेवा. लांब हाताच्या माणसाला बार जास्त अंतर उचलावा लागतो, म्हणून टॅकलच्या जागेवर ज्या लांब हातांची किंमत असते त्यांचीच शिक्षा त्याला बेंचवर मिळते. चारही गाठोड्यांची सरासरी शेजारी-शेजारी लिहा आणि तिथेच थांबा. एक आकडा काढायची घाई नको.

कारण वाइड रिसीव्हर डीके मेटकाफ. २०१९ ला २२८ पौंडांवर ४.३३ धाव, ४०.५ इंच उभी उडी, ११ फूट २ इंच लांब उडी, बेंचवर २७. आणि थ्री-कोन ७.३८ सेकंद. टॉम ब्रेडीने २००० मध्ये ती ७.२० मध्ये केली होती, आणि त्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्याच्या, ४० यार्डांच्या ५.२८ सेकंदांची आजही चेष्टा होते. बेरजेत मेटकाफ देवच वाटतो. चार गाठोड्यांत मात्र तीन आभाळाला टेकलेली आणि एक जमिनीवर पडलेलं दिसतं. त्यातून योग्य प्रश्न निघतो: झेल घेण्यासाठी धावायच्या सरळ रेषेतल्या आणि एका तिरक्या पावलाच्या मार्गांवर हा चालेल, पण थांबून उलट वळायच्या मार्गांवर काय? सिॲटलने त्याला ६४ व्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्या हंगामात त्याने झेलांतून ९०० यार्ड केले. उलट टोकाला दुसरा वाइड रिसीव्हर कूपर कप आहे: २०१७ ला ४० यार्ड ४.६२, पण थ्री-कोन ६.७५ आणि शटल ४.०८. तो ६९ व्या क्रमांकावर गेला आणि २०२१ मध्ये झेल, यार्ड व टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला आला. दोघांची बेरीज मांडून बसलात तर दोघांचंही खरं चित्र हातचं जातं.

तयार गुण: आरएएस

सगळ्यात जास्त फिरणारा गुण म्हणजे केंट ली प्लॅटचा रिलेटिव्ह ॲथलेटिक स्कोअर, म्हणजे आरएएस. १९८७ पासूनच्या खेळाडूंशी, त्याच जागेवर, तुलना करून तो ० ते १० मध्ये दिला जातो. ५ म्हणजे मध्य. ८ मिळाले तर ढोबळमानाने त्या जागेवरच्या दर १० पैकी ८ जणांच्या पुढे. सुरेख, झटपट आणि चुकीचा वाचायला फार सोपा.

तो वाचताना पहिलं पाहा जागा कोणती धरली आहे. २५० पौंडांचा माणूस एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) धरला तर हलका ठरतो आणि लाइनबॅकर धरला तर भारदस्त. गुण त्याप्रमाणे बदलतो. दुसरं, उंची आणि वजन यांनाही गुण आहेत. म्हणजे बुटका पण चपळ खेळाडू धावायच्या आधीच मागे पडलेला असतो. ॲरन डोनाल्ड २०१४ ला २८५ पौंडांचा होता, डिफेन्सिव्ह टॅकलच्या, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीत मधोमध खेळणाऱ्याच्या, मानाने छोटा, ४.६८ ची धाव आणि बेंचवर ३५ हे त्याने त्या आकारात केलं. अशा वेळी आकारमानाचा रकाना झाकून बाकीचे वाचा. तिसरं, कार्डावरचे कोणते आकडे कम्बाइनचे आणि कोणते प्रो डेचे हे शोधा. अलीकडे बरेच खेळाडू शटल आणि थ्री-कोन टाळतात. ज्यात आपण कच्चे आहोत ते टाळलं तर उरलेल्यांचा गुण वर जातो. ९ आरएएसच्या कार्डावर चपळाईचा रकाना कोरा असेल तर तो ९ अर्धाच समजा.

सिॲटल सीहॉक्सच्या निवडींमुळे गाजलेला स्पार्क हाही असाच मिश्रगुण आहे. त्यात वजनाचा हिशेब आहे, पण बाहेर फिरणारे आकडे अंदाजाने बांधलेले असतात.

कोणत्या जागेला काय

एज रशरसाठी हे आकडे सगळ्यात कामाचे. टॅकलला वळसा घालून क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचायचं तर पहिली १० यार्ड, लांब उडी आणि थ्री-कोन हेच त्या हालचालीचे तुकडे आहेत. थ्री-कोन ७ सेकंदांच्या आत ही जुनी रेघ आहे. व्हॉन मिलरची ६.७० होती, टीजे वॉटची ६.७९. बेंचवर भाळू नका. व्हर्नन गोल्स्टनने २००८ ला बेंचवर ३७ काढले, जेट्सनी त्याला ६ व्या क्रमांकावर घेतलं आणि ३ हंगामांत त्याच्या नावावर एकही सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं, लागला नाही.

ऑफेन्सिव्ह लाइनमनची ४० यार्डांची वेळ बघून टीव्हीवर हसायला बरं; सामन्यात तो ४० यार्ड धावतच नाही. १० यार्ड, शटल आणि लांब उडी पाहा. टॅकलसाठी हात ३३ इंचांहून लांब हवेत असा संकेत आहे. त्याखाली असेल तर त्याला आत गार्डच्या जागी खेळवायचा विचार होतो. पण खबरदार: ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर २०१८ ला ५.८५ धावला, बेंचवर १४ काढले, उभी उडी १९.५ इंच. तो घसरून ८३ व्या क्रमांकावर बाल्टिमोरला मिळाला आणि पुढे अनेकदा प्रो बोलला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडला गेला. ३४५ पौंडांचा देह आणि लांब हात यांना वळसा घालायलाच समोरच्याची दमछाक व्हायची.

कॉर्नरबॅकला सरळ वेगाची किमान रेघ असते. ४.६ च्या पुढे गेलेल्याला बहुतेक संघ सेफ्टीच्या, म्हणजे सगळ्यात मागच्या बचावपटूंच्या, रांगेत ढकलतात. वाइड रिसीव्हरमध्ये आकडे आणि यश यांचं नातं सैल आहे. अँक्वान बोल्डिन २००३ ला ४.७ च्या घरात धावला आणि पहिल्याच हंगामात त्याने १०१ झेल घेतले. क्वार्टरबॅकचे आकडे पाहून सोडून द्या.

गुणाचं करायचं काय

क्रम महत्त्वाचा. आधी खेळ बघून, आकडे न पाहता, खेळाडूला फेरीनुसार दर्जा द्या आणि तारखेसह लिहून ठेवा. मग चार गाठोडी उघडा. खेळात दिसलं तेच आकड्यांत असेल तर काही बदलू नका. तो वेग तुम्ही एकदा मोजलेलाच आहे, पुन्हा बढती दिली तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे दिल्यासारखं होतं.

जुळत नसेल तिथे थांबा. आकडे चांगले पण खेळात वेग दिसत नाही: हा चेंडू उशिरा ओळखतो का, पहिलं पाऊल चुकीच्या दिशेला टाकतो का, की दुखापतीत खेळत होता? आकडे वाईट पण खेळात कुणाला सापडत नाही: वाट आधीच वाचतो का, की समोरचे प्रतिस्पर्धीच कमजोर होते? त्याच्या हंगामातल्या सगळ्यात तगड्या विरोधकाशी झालेले ३ सामने घ्या आणि फक्त त्या एका प्रश्नासाठी पाहा. उत्तर मिळालं तर दर्जा अर्ध्या फेरीने हलवा. फार तर एका फेरीने. त्याहून जास्त हलवावासा वाटत असेल तर मूळ दर्जाच घाईत दिला होता.

पाचव्या फेरीनंतर मात्र पट बदलतो. तिथे कुणीच पुरता खेळाडू नसतो आणि ड्राफ्टमध्ये घेतलेला माणूस आधी स्पेशल टीम्सवर, किक-पंटच्या मागे धावत, जागा टिकवतो. दोन सारख्या दर्जाच्या खेळाडूंत उसळी आणि १० यार्ड ज्याचे चांगले त्याला वर ठेवा.

प्रो डे मार्चभर चालतात आणि काही एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत लांबतात, त्यामुळे कम्बाइननंतरच्या रविवारी पाहिलेला आरएएस ड्राफ्टच्या आठवड्यात तोच असेल असं नाही. एप्रिलच्या मध्याला सगळे रकाने पुन्हा भरा, प्रो डेची सुधारणा पुन्हा लावा आणि ज्यांची थ्री-कोन अजूनही कोरी आहे त्यांच्या नावापुढे फुली मारून ठेवा.